एक जोडी खोडायचा हक्क

कॉलेजात त्यांना चिमटाबाई म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. नाव इतकं अंगवळणी पडलं होतं की एखाद्या नव्या मुलीनं खऱ्या नावानं हाक मारली तर बाईंचं लक्षच जायचं नाही. त्या इंग्रजी शिकवत, आणि इंग्रजीतलाही जो भाग कुणाला नको असायचा तो त्यांच्या वाट्याला आला होता: उपहासाच्या कविता.

प्रेमाच्या कविता शिकवायला सगळे एका पायावर तयार असतात. फुलं, चांदणं, विरह. वर्ग खूश, शिकवणाराही खूश. उपहासाच्या कवितेत मात्र कुणा मेलेल्या मंत्र्याची नाहीतर विसरलेल्या सरदाराची टर उडवलेली असते. तो मंत्री कोण हे तळटीप वाचल्याशिवाय कळत नाही, आणि तळटीप वाचून खदखदा हसलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. बाई नव्या होत्या, त्यामुळे जुन्या सरांनी हे लोढणं हसत हसत त्यांच्या गळ्यात घातलं आणि हात झटकले. पुढे त्या लोढण्यावरच बाईंचा जीव जडला, आणि त्या निवृत्तीला आल्या तरी त्यांनी ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जाऊ दिलं नाही.

त्यांचं म्हणणं साधं होतं. इंग्रजीतल्या त्या लांबलचक कवितांचा सगळा डोलारा दोन दोन ओळींच्या जोड्यांवर उभा असतो. "पहिली ओळ पाठ थोपटते, दुसरी चिमटा काढते," त्या वर्गात सांगायच्या आणि स्वतःच्याच दंडाला चिमटा काढून दाखवायच्या. नाव पडलं ते तिथून. "आणि गोष्ट जेवढी फालतू, तेवढा आव मोठा आणायचा. कुणाची टोपी वाऱ्यानं उडाली तरी राज्य बुडाल्याच्या थाटात सांगायचं. म्हणजे टोपीवाल्याला कळतं की राज्य काही बुडालेलं नाही."

पहिल्या दिवशी त्या पुस्तक उघडतच नसत. आपल्या भाषेत दोन ओळी लिहा म्हणायच्या, आणि विषय असायचा त्या स्वतः. मुलींच्या तोंडचं पाणी पळायचं. मग कुणीतरी धीट निघायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं लिहिलं होतं:

बाई सांगती विनोद, आणि आधी स्वतःच हसती;
आम्ही हसतो उद्या, जेव्हा त्या अर्थ सांगत बसती.

बाईंनी ती जोडी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली, आणि सवयीप्रमाणे आधी स्वतःच हसल्या. मग म्हणाल्या, "आता तुम्हाला कुणाचीही टर उडवायची मोकळीक आहे. ज्याला स्वतःवरचा चिमटा सोसतो त्यानंच दुसऱ्याला काढावा." पण लगेच कुंपणही घालायच्या. जे माणसाच्या हातात नाही त्यावर बोट ठेवायचं नाही. नाक, रंग, अडखळती जीभ, गरिबी, आजार, मरण, हे सगळं वगळून जे उरतं त्याला स्वभाव म्हणतात, आणि तो प्रत्येकाजवळ भरपूर असतो.

वर्गातली ही गोष्ट कॉलेजच्या निरोपसमारंभात कशी शिरली हे आता कुणालाच नीट आठवत नाही. कॉलेजात कुणी निवृत्त झालं की भाषणं व्हायची, आणि ती ऐकून वाटायचं की असा देवमाणूस इतकी वर्षं आपल्यात वावरला आणि आपल्याला पत्ताच नाही. मग बाई उठायच्या, जाणाऱ्यावर लिहिलेल्या दहा-पंधरा जोड्या वाचायच्या, आणि तो माणूस पुन्हा ओळखीचा व्हायचा. लोक भाषणांच्या वेळी चहाला जायचे आणि बाईंच्या वेळी परत यायचे.

त्यात एकदा त्यांचा हात चुकला होता. हेडक्लार्क निवृत्त झाले तेव्हाची गोष्ट. हा गृहस्थ पाचाच्या ठोक्याला खुर्चीतून उठायचा, समोरच्याचं वाक्य अर्धं राहिलं तरी. बाईंनी त्या उठण्यावर चांगल्या तीन जोड्या केल्या. सभागृह पोट धरून हसलं, हेडक्लार्कही हसले. चहा न घेता निघून गेले, तेव्हा सगळे म्हणाले, बघा, आजही पाच वाजले. आठवड्यानं बाईंना कळलं की हेडक्लार्कांचा एक भाऊ अंथरुणाला खिळलेला होता, त्याला सांभाळणारी बाई साडेपाचला जायची, आणि हे त्यांनी कॉलेजात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. बाई त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आल्या. "अहो, छान होतं की," हेडक्लार्क म्हणाले. ते ऐकून बाईंना जास्तच लागलं.

तेव्हापासून त्यांनी नियम केला. ज्याच्यावर लिहिलं त्याला ते सगळ्यांच्या आधी, एकट्याला, त्याच्या तोंडावर वाचून दाखवायचं. त्यानं हवी ती एक जोडी खोडायची. कारण विचारायचं नाही. हा हक्क लोक कसा वापरतात हीही एक गंमतच होती. शरीरशिक्षणाच्या सरांनी सगळ्यात निरुपद्रवी जोडी खोडली आणि त्यांच्या ढेरीवरची राहू दिली. त्या निरुपद्रवी जोडीत काय सल होता हे आजवर कळलेलं नाही. पण बाईंनी विचारलं नाही.

मग निवृत्तीची पाळी आली कुलूपकाकांची.

कुलूपकाका म्हणजे कॉलेजचे ग्रंथपाल. पुस्तकं काचेच्या कपाटात, कपाटांना कुलपं, आणि किल्ल्यांचा जुडगा काकांच्या कमरेला. पुस्तक मागायला गेलेल्याला ते आधी म्हणायचे, "हात दाखवा." हात बघायचे, मनात नसल्यासारखं पुस्तक काढायचे, आणि ते परत येईपर्यंत त्यांच्या जिवाला घोर लागायचा. बाईंचं आणि त्यांचं हाडवैर होतं, म्हणजे वर्षानुवर्षं एकत्र चहा पिऊन टिकवलेलं. कारण एक जाडजूड पुस्तक. उपहासाच्या कवितांचा, भरपूर तळटीपांचा तो संग्रह एकुलता एक होता, म्हणून काका तो वाचनालयाबाहेर जाऊ देत नसत. बाईंनी तो सगळा काकांच्या टेबलासमोर बसून वाचला होता, काका समोरून पान उलटताना बघत असताना.

एरवी काकांवर लिहायला बाईंना एक दुपार पुरली असती. पण निवृत्तीच्या चार महिने आधी काकांची बायको गेली. आजारपण लांबलं नाही. पंधरवड्यात सगळं आटोपलं. काका परत कामावर आले ते निम्मे होऊन. "हात दाखवा" म्हणणं थांबलं. कुणी पुस्तक मागितलं की मुकाट्यानं देत, आणि एकदा तर कपाट उघडंच राहिलं. ते उघडं कपाट बाईंनी स्वतः ढकलून बंद केलं.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. प्राचार्य नवे होते, स्वभावानं मऊ. म्हणाले, "बाई, या वेळी ते चिमटे वगैरे नकोत. माणूस दुःखात आहे. चार चांगले शब्द लिहा."

"मलाही तेच वाटतंय," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. हेडक्लार्कांनी न घेतलेला चहा त्यांच्या डोळ्यासमोरून अजून हलला नव्हता. खचलेल्या माणसावर सभागृह हसवायचं म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच नियमाला हरताळ.

त्यांनी गोड कविता लिहिली आणि घरी नवऱ्याला वाचून दाखवली. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. आमच्यात एक लोकांना दात काढायला लावते आणि दुसरा बसवून देतो, असं तो पाहुण्यांना सांगायचा, दर पाहुण्याला. त्यानं हातातली कवळी घासता घासता सगळं ऐकून घेतलं.

"कशी वाटली?"

"दिसायला छान आहे."

"म्हणजे?"

"ही बघ," तो कवळी वर धरून म्हणाला. "हीपण दिसायला छान आहे. पण कुणाच्या तोंडात नाही ना अजून."

बाई चिडल्या. म्हणाल्या, "तुला कवितेतलं काय कळतंय." तो म्हणाला, "काही नाही," आणि पुन्हा घासायला लागला.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी बाई वाचनालयात गेल्या. गोड असली तरी कविता होती, आणि नियम तो नियम. खिडकीजवळच्या टेबलाशी काका जुन्या पुस्तकांच्या पाठी डिंकानं चिकटवत बसले होते. उद्या जायचंय आणि आज पुस्तकं चिकटवतायत, हे पाहून बाईंना भरून आलं. त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि वाचायला सुरुवात केली.

ज्ञानाचा हा दिवा तेवला, शांत, निर्मळ, स्थिर;
ग्रंथांच्या या मंदिरात तुम्ही झिजविले शरीर.

अशा आठ जोड्या होत्या. काकांनी ब्रश खाली ठेवून सगळ्या ऐकल्या.

"बाई, हे कुणाचं आहे?"

"तुमचंच की, काका."

"मला वाटलं, कुणी वारलेल्या माणसाचं आहे."

काकांनी कागद हातात घेतला, वरून खाली पाहिला. "एकच जोडी खोडता येते ना? मग कसं करू? इथं तर आठ आहेत."

"काका, मी म्हटलं, या दिवसांत तुम्हाला..."

"हेच. या दिवसांत." काकांचा आवाज चढला नव्हता, पण बऱ्याच दिवसांनी त्यात जुनी धार होती. "चार महिने झाले, मला कुणी वाकडा शब्द बोललेलं नाही. परवा माझी भाजी करपली. शेजारीण चव घेऊन म्हणते, छान झालीय. मी शर्ट उलटा घालून आलो, तुमच्या स्टाफरूममधल्या एकानंही सांगितलं नाही. सगळे नुसते गोड बघतात. घरात मला नावं ठेवणारं एक माणूस होतं, ते गेलं. मी म्हटलं, चला, अजून बाई आहेत. त्या काही सोडायच्या नाहीत." कागद त्यांनी टेबलावर ठेवला. "तर तुम्हीही माझं शरीर झिजवलंत."

बाईंनी आयुष्यभर जे वर्गात शिकवलं होतं त्याची दुसरी बाजू त्यांना त्या टेबलाशी कळली. चिमटा जिवंत माणसालाच काढतात. ज्याला काढायचं सोडून दिलं, त्याला आपण मनातून आधीच पोचवलेलं असतं, आणि वर त्याला माया म्हणतो. बाईंना स्वतःची लाज वाटली. ती लपवायला त्यांनी विचारलं, "काय म्हणायच्या हो त्या तुम्हाला?"

"काय नाही म्हणायची ते विचारा." काका पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकले. मग कितीतरी वेळ ते बोलत राहिले. ती म्हणायची, साखरेच्या डब्यालाही कुलूप लावा. ती म्हणायची, जेवायला बसताना आधी तुम्ही हात दाखवा. आणि कुणी पाहुणा आला की तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. ते वाक्य सांगताना काका हसले, आणि हसता हसता थांबले. बाईंनी ते ऐकलं आणि कागद उचलून त्या उठल्या.

कविता त्यांनी त्याच संध्याकाळी नव्यानं लिहिली. दुसऱ्या दिवशी समारंभाआधी त्या पुन्हा काकांसमोर बसल्या, आणि या वेळी काका ऐकताना स्वस्थ राहिले नाहीत.

"थांबा. तळहातावरचा मळ म्हणताय, पण मी नखंही बघायचो. खरी घाण नखात असते."

"बदलते."

"आणि तुमचं ते जाड पुस्तक? त्याचं काहीच नाही?"

"ते पुढं आहे. जरा दम धरा."

काका मान डोलावत होते, चुका काढत होते, आणखी बोचरं करा म्हणत होते. बाईंना इतकं चोखंदळ गिऱ्हाईक आयुष्यात भेटलं नव्हतं. मग शेवटची जोडी आली. ती बायकोच्या त्या ठरलेल्या वाक्याची होती. शब्द तिचेच, बाईंनी फक्त यमक जुळवलं होतं. ती वाचताना बाईंचा आवाज खाली गेला.

काकांनी खिशातून पेन्सिल काढली, पट्टी घेतली, आणि शेवटच्या दोन ओळींवर सरळ रेघ मारली. मग ब्लेडनं कागदाचा तेवढा तुकडा कापून घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

बाईंच्या काळजात चर्र झालं. पुन्हा चुकलं. जखम भरायच्या आत तिथंच बोट घातलं, तेही नियम पाठ असताना. काही विचारावंसं वाटत होतं, पण कारण विचारायचं नाही हे त्यांनीच ठरवलेलं होतं. "चला, वेळ झाली," एवढंच त्या म्हणाल्या.

सभागृह भरलं होतं. भाषणं झाली. सगळ्यांनी आवाज मऊ केले होते, सगळ्यांनी एकदा तरी 'अशा प्रसंगी' म्हटलं. बाई उठल्या तेव्हा प्राचार्यांनी निर्धास्तपणे हात जुळवून मांडीवर ठेवले. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

किल्ल्यांचा जुडगा कमरेस वाजे, तलवार जशी म्यानात;
एकही पुस्तक पडू न दिले त्यांनी वाचकाच्या हातात.

कुणी हसलं नाही. प्राचार्यांचे हात सुटले. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. इतक्या वर्षांत बाईंनी अशा शांततेत कधी वाचलं नव्हतं. कागद घडी करून बसावं असंही मनात येऊन गेलं. पण समोरच्या खुर्चीत काका पुढं झुकून बसले होते, आणि त्यांची नजर म्हणत होती, पुढं.

हात दाखवा, म्हणती आधी; ज्योतिषीही लाजेल;
नखात दिसली रेघ काळी, तर नशीब तिथेच फुटेल.

काका हसले. आधी नाकातून, मग मोठ्यानं, खांदे हलवत. कमरेचा जुडगा त्यांच्याबरोबर खुळखुळला. त्या खुळखुळण्यानं सभागृहाचा बांध फुटला. चार महिने दाबून ठेवलेलं हसू होतं ते. लोक काकांवर हसले, स्वतःच्या नखांवर हसले. आणि बाईंनी जेव्हा वाचलं:

एका पुस्तकापायी भांडले मी वर्षं कितीतरी;
शेवटी कळले, दोनच पानं होती त्यात बरी,

तेव्हा काका बसल्या जागेवरून म्हणाले, "तीन. तिसरं तुम्ही वाचलं नाहीत." प्राचार्यही हसत होते, रुमाल काढून डोळे पुसत होते.

बाई खाली बसल्या तरी त्यांच्या मनातला सल गेला नव्हता. तो कापलेला तुकडा काकांच्या खिशात होता. मग काका आभार मानायला उभे राहिले. त्यांना भाषण करता येत नसे. ते बराच वेळ किल्ल्यांशी चाळा करत राहिले.

"बाईंचा एक नियम आहे, तुम्हाला माहीत आहे," ते शेवटी म्हणाले. "एक जोडी खोडता येते. मी खोडली. वाईट होती म्हणून नाही. ती आमच्या घरची आहे. दुसऱ्या कुणी वाचलेली मला चालली नसती." त्यांनी खिशातून तो तुकडा काढला, वाचण्याआधी सवयीनं स्वतःचे हात पाहिले. "आमच्याकडे कुणी आलं की आमची ही माझ्याकडे बोट करून सांगायची...

पुस्तकासारखी घरी आणली, जपून ठेवली;
परतीची तेवढी तारीख टाकायची राहिली."

लोक हसले. हसले, आणि मग त्यांना अर्थ कळला, आणि सभागृह एकदम शांत झालं. काका मात्र हसत होते. गालावरून पाणी येत होतं आणि ते हसत होते, जसे ते पाहुण्यांसमोर इतकी वर्षं हसत आले असतील. बाईंना रडू आवरलं नाही. त्यांच्या सगळ्या जोड्यांत ही एक जोडी सरस होती, आणि ती त्यांची नव्हती. तो कापलेला तुकडा पाहून काळजात जे चर्र झालं होतं ते निवलं, आणि त्या जागी एक हेवा वाटला, चांगल्या कारागिराला दुसऱ्या कारागिराचा वाटतो तसा. काकांच्या बायकोला एकदा तरी भेटायला हवं होतं.

चहाच्या गर्दीत काका कप घेऊन बाईंजवळ आले.

"आवडली का कविता?" बाईंनी विचारलं.

"मला आवडली. पण ती असती तर तिनं नावं ठेवली असती."

"काय म्हणाल्या असत्या?"

"म्हणाली असती, बाईंनी तुम्हाला फारच स्वस्तात सोडलं."

बाईंनी कप खाली ठेवला. "मग रविवारी घरी या. उरलेलं ऐकवते. आणि शर्ट आज सुलटा घातलाय, पण वरचं बटण खालच्या काजात गेलंय."

काकांनी खाली पाहिलं, बटण काढलं, नीट लावलं. त्यांचा चेहरा इतका खुलला की लांबून पाहणाऱ्या प्राचार्यांना वाटलं, बाईंनी शेवटी चार गोड शब्द सांगितले.

काका आता दर रविवारी येतात. बाई त्यांच्या भाजीला, बटणांना आणि मतांना नावं ठेवतात, काका बाईंच्या यमकांना. बाईंचा नवरा चहा घेऊन बाहेर येतो तेव्हा कप हातात घ्यायच्या आधी काका त्याच्याकडे वर पाहतात आणि म्हणतात, "हात दाखवा." कवळ्या घासून त्याच्या नखात पांढरी पूड बसलेली असते. तो परत आत जातो, हात धुतो, आणि मगच चहा देतो.